उत्तम शुक्रवार 'उत्तम' कसा? मशीहाचं दुःख, मरण आणि आपला 'भोग' हा शब्द

गुरुवारपेठकरीण (१५ एप्रिल २०२५, रात्री ११:४०)

काल संध्याकाळी जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. माझ्या हातात येत्या उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेची पत्रिका होती. दुपारी १२ ते ३, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली आणि म्हणाल्या, "अगं, तुमच्या देवाला खिळे ठोकून मारलं त्या दिवसाला तुम्ही उत्तम कसं म्हणता? आमच्यात तर सुतक पाळलं असतं."

मला तिथे उभ्या उभ्या काही धड सांगता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात. लहानपणापासून पंचहौदाच्या देवळात जाते. 'पंतय पिलाताच्या वेळेस दुःख सोसले, वधस्तंभावर खिळले, मरण पावला' हे दर रविवारी म्हणते. आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईला सांगायची वेळ आली तर माझी दातखीळ बसली.

काकूंचं विचारणं वरवरचं नव्हतं, हेही सांगते. काका चार वर्षं डायलिसिसवर होते. गेल्या श्रावणात गेले. भेटायला आलेला प्रत्येक जण तेच बोलून जायचा: भोग होते, भोगून संपले, सुटले. काकूही तेच म्हणायच्या. एकदा मात्र कणीक मळता मळता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षांचे भोग? ह्या माणसाने कुणाचं काय वाकडं केलं होतं गं?" तेव्हाही मी गप्पच होते.

आता जमेल तसं लिहिते. चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

मशीहा म्हणजे हिब्रूत अभिषिक्त, ज्याच्या माथ्यावर तेल ओतून राजा नेमला तो. ग्रीकमध्ये ख्रिस्त. येशूच्या काळच्या लोकांना दाविदाच्या वंशातला राजा हवा होता, रोमी सत्ता उलथून टाकणारा. असा राजा पकडला जाईल, थुंकून घेईल, चोर-बंडखोरांच्या रांगेत टांगला जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. फिलिप्पाच्या कैसरियाजवळ त्याचा शिष्य पेत्र याने "तू ख्रिस्त आहेस" असं ओळखलं. आपल्याला पुष्कळ दुःख भोगून मरावं लागेल असं येशूने लगेच सांगितलं, तर त्याच पेत्राने त्याला बाजूला घेऊन झापलं. इतकं ते न पटणारं होतं. येशूच्या मरणानंतर अम्माऊसच्या वाटेवर चाललेले दोघे शिष्य काय म्हणतात ते लूकने आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवलंय: इस्राएलाची सुटका करणारा तो हाच, अशी आम्हाला आशा होती. 'होती'. त्या भूतकाळापाशी मी दर वर्षी अडते.

म्हणजे दुःख भोगणारा मशीहा ही कल्पना आधीपासून तयार होती आणि येशू तिच्यात बसवला, असं घडलेलं नाही. आधी वधस्तंभ त्यांच्या अंगावर कोसळला. मग त्यांनी आपलीच शास्त्रं पुन्हा उघडली आणि यशयाच्या ५३व्या अध्यायापाशी येऊन थबकले. 'आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला, आमच्या दुष्कर्मांमुळे ठेचला गेला.' दुसऱ्याचा भोग आपल्या अंगावर घेणारा सेवक.

आणि इथेच मला माझे वडील आठवतात. ते एका कारखान्यात फिटर होते. सोबतच्या एका मित्राने पतसंस्थेतून कर्ज काढलं, वडील जामीन राहिले. सहा महिन्यांत मित्र गाव सोडून गेला. पुढची तीन वर्षं हप्ते वडिलांच्या पगारातून गेले. पगाराच्या चिठ्ठीवर 'इतर कपात' असा रकाना असायचा. आई त्या आकड्यावर बोट ठेवून बसायची. मी तेव्हा सातवीत, मोठ्या बहिणीचा उसवलेला फ्रॉक घालून शाळेत जायचे. चिडून विचारलं, दुसऱ्याचं कर्ज तुम्ही का फेडता? वडील म्हणाले, "सही मी केली होती ना."

मराठी बायबलात इब्री लोकांस पत्राच्या ७व्या अध्यायात येशूला 'जामीन' म्हटलंय. अगदी हाच शब्द. तो वाचताना मला अजून पिवळ्या कागदावरची वडिलांची सही दिसते.

कोथरूडचा_वकील (१६ एप्रिल, सकाळी ८:०५)

ताई, मनापासून लिहिलंय तुम्ही, म्हणून शंकाही मनापासून विचारतो.

जामिनाचं उदाहरण दिवाणी व्यवहारात चोख बसतं. १८७२च्या करार कायद्यातलं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. पण फौजदारीत हे चालत नाही. माझा दंड माझा भाऊ भरू शकेल, माझी फाशी तो घेऊ शकत नाही. घेतली आणि न्यायाधीशाने घेऊ दिली, तर तो न्याय राहिला कुठे? निरपराध्याला शिक्षा देऊन अपराध्याला सोडणारा देव न्यायी म्हणायचा कसा? माझ्या दृष्टीने 'ज्याचा भोग त्याला' यात निदान हिशेब तरी सरळ आहे.

जाता जाता: कलम १४५ प्रमाणे तुमच्या वडिलांना ती सगळी रक्कम मित्राकडून वसूल करता आली असती.

रामवाडीचा_विद्यार्थी (१६ एप्रिल, सकाळी ९:३०)

मी नगर रोडला सेमिनरीत शिकतो. वकीलसाहेबांनी विचारलं तेच चर्चमध्ये शतकानुशतकं विचारलं गेलंय, आणि त्याला एकच ठरलेलं उत्तर नाही. आमच्या विश्वासांगिकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीत, 'आमच्यासाठी' एवढंच आहे. 'कसं' हे कुठल्याही जागतिक धर्मसभेने सूत्रात बांधलेलं नाही.

पहिल्या शतकांत खंडणीची भाषा जोरात होती. येशू स्वतःच म्हणतो की पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला मी आलोय (मार्क १०:४५). मग प्रश्न आला की खंडणी दिली कुणाला? काहींनी म्हटलं सैतानाला. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने हे साफ उडवून लावलं. लुटारूला देवाने स्वतःची किंमत मोजायची, हे त्याला लाजिरवाणं वाटलं. मग पित्याला दिली का? तेही नाही, कारण पित्याने कुणाला बंदी करून ठेवलंच नव्हतं. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या आन्सेल्मने भरपाईची मांडणी केली: माणसाने देवाचं देणं बुडवलं, ते माणसानेच फेडायला हवं, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव-मानव. पुढच्याच पिढीत आबेलार म्हणाला, वधस्तंभावर दिसतं ते प्रेम, आणि ते पाहून माणूस बदलतो. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी, विशेषतः कॅल्व्हिनने, कोर्टाची आणि शिक्षेची भाषा पुढे आणली. तुमचा आक्षेप मुख्यतः या शेवटच्या मांडणीवर आहे.

गुरुवारपेठकरीण (१६ एप्रिल, दुपारी १:१५)

वकीलसाहेब, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. न्यायाधीशाने रस्त्यावरून कुणा तिसऱ्यालाच ओढून आणून फासावर चढवलं, तर तो अन्यायच. आमच्याच काही प्रवचनांत रागावलेला बाप आणि मार खाणारा मुलगा असं चित्र उभं राहतं, तेव्हा मलाही बसवत नाही.

पण आम्ही ज्यावर विश्वास ठेवतो त्यात तिसरा माणूस कुणी नाहीच. प्रेषित पौल लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याचं देणं बुडालं, जो निवाडा करणार आणि जो खिळला गेला, तो एकच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात येशू म्हणतो, माझा प्राण कुणी माझ्याकडून हिरावून घेत नाही, मी होऊन तो देतो. गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला टळो अशी विनवणी केली, म्हणजे मरायची हौस त्याला नव्हती. घाबरला, घामाघूम झाला आणि तरी तिथून उठून गेला नाही. इथे कोर्टाचा दाखला लंगडा पडतो, हे मी कबूल करते.

आणि कलम १४५चं म्हणाल तर, वडिलांनी कधी वसूल केलं नाही. तो मित्र बारा वर्षांनी परत आला, दारात उभा राहिला. वडिलांनी त्याला आत घेतलं, आईने चहा टाकला. पैशांचा विषय निघाला नाही. त्याने कपातला चहा बशीत ओतला आणि तसाच बसून राहिला, प्यायलाच नाही. तुमचा कायदा वाचेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की वडिलांना मागायचा हक्क होता. त्यांना ठाऊक असणार.

कसब्यातला_वारकरी (१६ एप्रिल, दुपारी ४:५०)

वाचून बराच वेळ बसून राहिलो. आमच्याकडेही दुसऱ्यासाठी सोसणारे आहेत. समुद्रमंथनात हलाहल वर आलं ते महादेवांनी प्यायलं, जग वाचवलं. दधीची ऋषींनी वज्रासाठी आपल्या अस्थी दिल्या. त्यामुळे देवाने विष पचवणं आम्हाला परकं नाही. परकं वाटतं ते असं की देव हरतो, रडतो, 'मला का टाकलंस' म्हणतो. नीलकंठाचा कंठ निळा झाला, तो विव्हळला नाही.

गुरुवारपेठकरीण (१६ एप्रिल, संध्याकाळी ७:२०)

माऊली, नेमकं हेच. फरक तुम्ही माझ्याहून चांगला सांगितलात. आमच्या श्रद्धेचं सगळं वजन त्या विव्हळण्यावर आहे. पौलानेही लिहिलंय की वधस्तंभावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो. वधस्तंभ ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. विष पिऊन उभा राहणारा देव भव्य वाटतो. खिळलेल्या देवाकडे पाहून आधी मान खाली जाते.

रास्तापेठी (१६ एप्रिल, रात्री १०:१०)

मी बेने इस्राएल, म्हणजे इथला मराठी यहुदी. आमचा पेसाह, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण, शनिवारी रात्री सुरू झालाय, घरात अजून मात्झा (बिनखमिराची भाकर) चाललाय. वाचून राहवलं नाही.

तीन गोष्टी. पहिली, यशयाचा ५३वा अध्याय आमचाही आहे. आम्ही त्यातला सेवक म्हणजे इस्राएल, आमची प्रजा, असं वाचतो. अकराव्या शतकात राशी या आमच्या भाष्यकाराने तसाच अर्थ लावला. त्याच यशयात ४९:३ला सेवकाला थेट इस्राएल म्हणून हाक मारली आहे. राष्ट्रांच्या हातून ठेचलं जाणं म्हणजे काय, हे आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको.

दुसरी, तुम्ही लोक येशूला पेसाहचं कोकरू म्हणता आणि लगेच पापक्षमेकडे वळता. पेसाहचं कोकरू हे पापार्पण नव्हे. निर्गमच्या १२व्या अध्यायात त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, ती गुलामीतून सुटण्याची रात्र होती. पापांचा विधी यॉम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, लेवीयच्या १६व्या अध्यायात. माझ्या आजोबांकडे १८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादाची (पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीची) जीर्ण प्रत होती. त्यातली चित्रं बघत मी मोठा झालो. बायका पोळ्यांसारखा मात्झा लाटताहेत अशी. आमच्यासाठी ती रात्र म्हणजे फारोच्या हातून सुटका, बाकी काही नाही.

तिसरी लिहायला जड जातंय. तुमच्या ह्याच शुक्रवारी युरोपात आमच्या लोकांनी शतकानुशतकं दारं लावून घेतली, 'देवाचे मारेकरी' म्हणून. आम्हाला कोकणात आणि पुण्यात कुणी तसं छळलं नाही, हे या भूमीचे उपकार. पण उत्तम शुक्रवार म्हटलं की माझ्या मनात आधी ती बंद दारं येतात.

गुरुवारपेठकरीण (१७ एप्रिल, पहाटे ५:५०)

दादा, तुमची तिसरी गोष्ट आधी घेते. हे आमचं पाप आहे. माझं म्हणूनच घेते. दुसऱ्याचं ओझं उचलणाऱ्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी आपलं ओझं तुमच्या डोक्यावर टाकलं, याहून मोठा विपर्यास नाही. येशू यहुदी, त्याची आई यहुदी, त्याच्यासाठी रडलेल्या बाया यहुदी. आमच्या विश्वासांगिकारात त्याच्या दुःखासोबत एकाच माणसाचं नाव येतं, आणि तो रोमी सुभेदार पिलात आहे. वधस्तंभ रोमी, खिळे ठोकणारे शिपाई रोमी. कॅथलिक मंडळींनी १९६५च्या धर्मसभेत स्पष्ट जाहीर केलं की त्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. फार उशिरा केलं. आमच्या देवळात आम्हाला 'त्याला मी खिळलं' असंच म्हणायला शिकवतात. तिथे 'त्यांनी' आलं की सगळं बिघडलं.

यशयाबद्दल वाद घालणार नाही. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात एक हबशी अधिकारी गाझाच्या वाटेवर रथात बसून हाच उतारा वाचतोय आणि फिलिप्प या येशूच्या अनुयायाला विचारतो, संदेष्टा हे कुणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी? आम्ही म्हणतो येशू. तुम्ही म्हणता आमची प्रजा. मला वाटतं, जो येशू तुमच्या प्रजेतलाच एक ठेचलेला माणूस होता, त्याच्याकडे पाहताना तुमचं वाचन मला खोटं म्हणता येणार नाही.

आणि कोकराबद्दल मी पन्नाशी ओलांडल्यावर नवीन शिकले. येशू यरुशलेमेत मरायला गेला तो यॉम किप्पूरला नाही, पेसाहला. त्याने स्वतः तो सण निवडला असेल, तर त्याच्या मनात आधी हिशेब नव्हता, सुटका होती. हे मी काकूंना सांगणार आहे.

रामवाडीचा_विद्यार्थी (१७ एप्रिल, सकाळी १०:००)

छोटी भर. योहानाच्या शुभवर्तमानात येशू मरतो तो पेसाहच्या तयारीच्या दिवशी, संध्याकाळच्या भोजनाची कोकरं कापली जातात त्याच दुपारी. बाकी तीन शुभवर्तमानांत शेवटचं भोजन हेच पेसाहचं भोजन आहे. दिवस जुळत नाहीत, सण मात्र चौघांतही तोच. आणि यशयाच्या त्या उताऱ्याच्या जुन्या अरामी तार्गुममध्ये, म्हणजे यहुद्यांच्या भाषांतरात, सेवकाला मशीहाच म्हटलंय, फक्त मार त्याच्यावरून काढून इतरांवर टाकलाय. मशीहाने मार खावा हे त्या भाषांतरकारालाही पेलवलं नसावं, असं मला वाटतं.

रात्रपाळी (१७ एप्रिल, दुपारी ३:३०)

मी नर्स आहे, कॅन्सर वॉर्डला. धर्मशास्त्र मला येत नाही. सात उद्गारांतला पाचवा 'मला तहान लागली आहे' हाच तेवढा मला कळतो.

शेवटच्या दिवसांत पेशंटला पाणी गिळता येत नाही. पाजलं तर ठसका लागतो. मग आम्ही कापसाचा बोळा भिजवून ओठ ओले करतो, जिभेवरून फिरवतो. काही जण तो बोळा ओठांत धरून ठेवतात, सोडत नाहीत. गेल्या महिन्यात एक आजी तशाच धरून होत्या, अर्धा तास. मी दुसऱ्या बेडकडे जाऊ शकले नाही. वधस्तंभाजवळ कुणीतरी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज काठीवर लावून त्याच्या तोंडाला लावला, ते वाचलं की मला तो बोळा दिसतो. मरणाऱ्या माणसाचं तोंड कसं कोरडं पडतं हे देवाला आतून माहीत आहे, यापलीकडे मला त्या शुक्रवारचा अर्थ लागत नाही. मला तेवढा पुरतो.

नातेवाईक बाहेर बाकड्यावर बसून 'भोग' म्हणतात तेव्हा मी काही बोलत नाही. त्यांनाही कशाला तरी धरून राहायचं असतं. पण पेशंटच्या कानावर तो शब्द पडू नये म्हणून दार लोटून घेते.

कोथरूडचा_वकील (१७ एप्रिल, रात्री ९:१५)

माझा आक्षेप अजून पूर्ण फिटला नाही. न्यायाधीश आणि फाशी जाणारा एकच, हे पचवायला वेळ लागेल. पण दार लोटून घेते हे वाचलं आणि पुढचं काही लिहावंसं वाटेना. 'हिशेब सरळ आहे' हे माझं वाक्य मागे घेतो. हिशेब सरळ असेलही, तो बेडजवळ उभं राहून कुणाला ऐकवता येत नाही.

वडगावशेरीची_मिस्सा (१८ एप्रिल, सकाळी ७:००)

आम्ही कॅथलिक. काल रात्रीच्या मिस्सेनंतर वेदीवरचं सगळं काढून घेतलं, नुसता दगड राहिला. उद्या रात्रीपर्यंत घंटा नाही, तिच्याऐवजी लाकडाची फळी वाजवतात. लहानपणी मला त्या ठकठकीची भीती वाटायची, खिळे ठोकताहेत असं वाटायचं. आज क्रुसाच्या वाटेला जाताना हा धागा मनात असेल. रात्रपाळीताई, तुमच्या वॉर्डसाठी प्रार्थना करते.

गुरुवारपेठकरीण (१९ एप्रिल, सकाळी ९:३०)

काल काय झालं ते सांगून थांबते.

सकाळी काकूंकडे गेले आणि जमेल तसं सगळं सांगितलं. जामीन, सही, पेसाहची सुटका, ओला बोळा. 'उत्तम' का, तर आम्हाला वाटतं की त्या दिवशी देवाने भोग वाटला नाही, तो आमच्यात येऊन भोगला, म्हणून. काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन तास बसायचं म्हणजे माझे गुडघे राहतील का?" मी म्हटलं, मधूनच या, मधूनच जा, कुणी काही म्हणत नाही.

देऊळ भरलं होतं. पंखे गरगरत होते तरी पदर घामाने चिकटत होते. वेदीवर फुलं नाहीत, पांढऱ्या साड्यांच्या रांगा. दोनच्या सुमाराला मागे पाहिलं तर शेवटच्या बाकावर काकू, मांडीवर पिशवी आणि पाण्याची बाटली. मी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. चौथा उद्गार चालू झाला होता. 'एली, एली, लमा सबखथनी', माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? पाळकसाहेब सांगत होते की ही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ते स्तोत्र शेवटी स्तुतीपाशी पोहोचतं, पण येशूच्या तोंडी मार्कने आणि मत्तयाने फक्त ही पहिली ओळ ठेवली आहे.

काकूंनी माझ्या कोपराला हात लावला. हळूच विचारलं, "हे देवालाच विचारतोय तो?"

"हो."

"मग? देव काय म्हणाला?"

"काही नाही. त्याच्याआधी तीन तास अंधार पडला होता, एवढंच लिहिलंय."

काकू समोर बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ह्यांनीही शेवटच्या आठवड्यात मला हेच विचारलं होतं. मी म्हटलं, असं बोलू नये. उगाच गप्प केलं त्यांना."

तीनला उपासना संपली. आमच्यात त्या दिवशी बोलत बाहेर पडत नाहीत. काकूंनाही ते आपसूक कळलं असावं. पेठेतून चालत घरी आलो, जिन्यात त्यांचे गुडघे दुखले म्हणून दोनदा थांबलो. किल्ली लावताना त्यांनी विचारलं, "रविवारी किती वाजता असतं गं तुमचं?"